दिशा खरी, वाट वेगळी

वॉशिंग्टन, ४ फेब्रुवारी १८४७. अमेरिकी नौदलाची वेधशाळा पोटोमॅक नदीजवळच्या टेकडीवर उभी राहून जेमतेम तीन वर्षं होत होती. त्या रात्री आकाश निवळलं आणि तेवीस वर्षांच्या जोसेफ हबर्ड यांनी दुर्बीण चित्रेच्या तेजस्वी ताऱ्यापासून थोडी पूर्वेला वळवली. त्यांना एक तारा शोधायचा होता. फ्रेंच खगोलविद लालांद यांच्या १८०१ सालच्या तारकासूचीत, सुमारे ४७ हजार ताऱ्यांच्या गर्दीत, तो नोंदलेला होता. हबर्ड यांनी सूचीतली जागा गाठली, आजूबाजूचे तारे एकेक करून जुळवले. सगळे आपापल्या जागी होते. हवा असलेला तारा तेवढा नव्हता.

हबर्ड यांचे सहकारी सिअर्स कुक वॉकर यांना नेमकं हेच ऐकायचं होतं. तारे जागा सोडत नाहीत. १७९५ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये दिसलेला आणि आता नाहीसा झालेला तो ठिपका तारा नसून नेपच्यून असावा, असं वॉकर यांचं गणित दोन दिवसांपूर्वीच सांगत होतं. आकाशातली ती रिकामी जागा त्या गणिताची साक्ष ठरली. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यामुळे युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या शोधावर प्रश्नचिन्ह उभं राहिलं आणि खगोलशास्त्रात कोणी फारसं विचारत नसलेल्या एका देशाचं नाव विद्वानांच्या तोंडी आलं. वादाचा विषय होता एक लंबवर्तुळ.

गोष्टीची सुरुवात नेपच्यूनच्या आधीच्या ग्रहापासून होते. विल्यम हर्शेल यांना १७८१ मध्ये युरेनस सापडला. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला ८४ वर्षं लागतात. पण त्याची वाट कागदावर कितीही काळजीपूर्वक आखली तरी ग्रह तिच्यावरून चालेना. १८२१ साली पॅरिसच्या बूव्हार यांनी नवी कोष्टकं केली, तीही काही वर्षांत चुकू लागली. १८२२ च्या सुमारापर्यंत युरेनस हिशेबापेक्षा पुढे पळत होता, त्यानंतर मागे रेंगाळू लागला. जणू कोणी आधी पुढून ओढत होतं आणि नंतर मागून. हा ओढणारा युरेनसपलीकडचा एखादा अज्ञात ग्रह असेल तर युरेनसच्या चुकांवरून त्याचा ठावठिकाणा काढता येईल का, हा प्रश्न इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी आणि फ्रान्समध्ये उर्बें ल व्हेरिए यांनी एकमेकांच्या नकळत सोडवायला घेतला.

गणितात अज्ञात राशी फार होत्या. ग्रह किती लांब, किती जड, त्याचं लंबवर्तुळ किती चपटं, त्याचं सूर्याजवळचं टोक कुठल्या दिशेला, आणि आज तो कुठे? कुठूनतरी सुरुवात करायची म्हणून दोघांनी अंतरासाठी बोडेच्या नियमाचा आधार घेतला. हा नियम म्हणजे ग्रहांच्या अंतरांतला एक आकड्यांचा ठोका. प्रत्येक पुढचं अंतर साधारण दुप्पट होत जातं. युरेनस त्यात चपखल बसला होता, म्हणून पुढचा ग्रहही बसेल असं धरलं गेलं. पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब आहे ते अंतर १ मानलं तर नियमाप्रमाणे नवा ग्रह ३८.८ वर हवा. ल व्हेरिए यांनी तिथून सुरू केलं आणि गणित करत ३६.१५ वर आले. एवढंच नाही, तर हे अंतर ३५.०४ पेक्षा कमी आणि ३७.९० पेक्षा जास्त असू शकत नाही, असंही त्यांनी छापून टाकलं.

२३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिन वेधशाळेत योहान गाले आणि तिथले विद्यार्थी हाइनरिख द'आरेस्ट यांनी ल व्हेरिए यांच्या पत्रानुसार दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आतच ग्रह सापडला. कागदावर ग्रह शोधणारा माणूस म्हणून ल व्हेरिए यांचा युरोपभर जयजयकार झाला. मग श्रेय इंग्लंडचं की फ्रान्सचं यावरून भांडण पेटलं, आणि त्या धामधुमीत एका साध्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ग्रह सापडला होता, त्याची वाट अजून कोणी पाहिलेली नव्हती.

तेव्हा अटलांटिकखालून तार गेलेली नव्हती. बातमी आगबोटीने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पोचली. त्या काळच्या अमेरिकेची खगोलशास्त्रातली पत फारशी नव्हती. १८२५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी काँग्रेसपुढे खंत मांडली होती की युरोपात १३० हून अधिक वेधशाळा आहेत आणि आपल्याकडे एकही नाही. वेधशाळांना ‘आकाशातली दीपगृहं’ म्हटल्याबद्दल त्यांची टिंगलच जास्त झाली. चित्र बदललं ते १८४३ च्या मोठ्या धूमकेतूने. भरदिवसा दिसणाऱ्या त्या धूमकेतूबद्दल बोस्टनच्या लोकांनी हार्वर्डकडे विचारणा केली, तेव्हा धड उत्तर देण्याजोगी दुर्बीणच तिथे नव्हती. लोकांनी वर्गणी काढली आणि म्युनिकच्या कारखान्याकडे १५ इंची भिंगाची मागणी नोंदवली. तेवढं मोठं भिंग त्या वेळी जगात आणखी एकच होतं, रशियातल्या पुल्कोवोला.

गणिताची तयारी मात्र आधीच सुरू झाली होती. सालेम बंदरातल्या नॅथानियल बाउडिच यांनी जहाजावर राहून स्वतःच्या जोरावर गणित आणि भाषा शिकून घेतल्या, खलाशांसाठी नौकानयनाचा ग्रंथ लिहिला आणि पुढे लाप्लास यांचा ग्रहगतीवरचा अवघड फ्रेंच ग्रंथ स्वतःच्या खर्चाने इंग्रजीत आणला. लाप्लास ‘हे उघडच आहे’ म्हणून जिथे पुढे जातात, तिथे बाउडिच पायरी-पायरीने टीप लिहितात. त्या अनुवादाची मुद्रितं तपासणाऱ्यांत सालेमचाच एक तरुण होता, बेंजामिन पर्स. १८४६ मध्ये हे पर्स हार्वर्डमध्ये गणित आणि खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. ग्रहांच्या परस्पर ओढाताणीचं गणित त्यांनी असं छापखान्यातल्या ओल्या कागदांवरून आत्मसात केलं होतं.

वॉकर यांचा रस्ता वेगळा होता. हार्वर्डची पदवी घेऊन त्यांनी फिलाडेल्फियात शाळेत शिकवलं, विमा कंपनीत आकडेमोड केली, आणि उरलेल्या वेळात आकाश पाहिलं. पुढे ते नौदलाच्या वेधशाळेत आले. नेपच्यूनची बातमी आली तेव्हा त्यांनी सरळ कामाला हात घातला. ल व्हेरिए यांचा अंदाज बाजूला ठेवायचा, प्रत्यक्ष दिसणाऱ्या ग्रहाचे वेध घ्यायचे आणि त्यांतून वाट काढायची.

अडचण भूमितीची होती. भिंतीवर दोन खिळे ठोका, त्यांभोवती दोऱ्याचं सैलसर कडं टाका आणि पेन्सिलीने ते ताणून धरत फिरवा. जी आकृती उमटते ते लंबवर्तुळ, आणि खिळे म्हणजे त्याच्या दोन नाभी. ग्रहाच्या कक्षेत सूर्य यांपैकी एका खिळ्यावर बसतो, दुसरा मोकळा असतो. खिळे जवळ आणले की आकृती वर्तुळाकडे झुकते, लांब नेले की चपटी होते. आता आकृतीचा बोटभर तुकडा ठेवून बाकी सगळी पुसून टाका आणि खिळे कुठे होते ते कोणाला विचारा. तेवढ्या तुकड्यावर शेकडो लंबवर्तुळं बसतात. नेपच्यून सूर्याभोवती वर्षाला जेमतेम दोन अंश सरकतो. वॉकर यांच्या हाती पहिल्या चार महिन्यांत एका अंशाचाही तुकडा आलेला नव्हता.

यावर तोड एकच. ग्रह पूर्वी कधीतरी कोणाच्या दुर्बिणीत आला असेल आणि त्याने तारा समजून त्याची नोंद केली असेल, तर ती नोंद शोधायची. वॉकर यांनी हाती होतं त्यावरून कच्ची कक्षा आखली आणि ग्रहाला काळात मागे नेलं. मग जुन्या सूच्या उघडून कोणत्या रात्री कोणी आकाशाचा कोणता पट्टा पाहिला होता ते ताडलं. १० मे १७९५ ला लालांद यांच्या पॅरिसच्या वेधशाळेत ग्रहाच्या जागेजवळचाच पट्टा पाहिला गेला होता, आणि त्यात एक संशयास्पद तारा होता. २ फेब्रुवारीला वॉकर यांनी आपला निष्कर्ष मांडला. ४ तारखेला हबर्ड यांनी तिथे काहीच नाही हे पाहिलं. मार्चमध्ये हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना इथले खगोलविद पेटरसनही स्वतंत्रपणे त्याच ताऱ्यापर्यंत पोचले.

मग पॅरिसमध्ये कोणीतरी मूळ हस्तलिखितं काढली. तिथे आणखी गंमत होती. तोच ठिपका ८ मे रोजीही पाहिलेला होता. दोन दिवसांत त्याची जागा किंचित बदललेली दिसली, तेव्हा वेध घेणाऱ्याने पहिली नोंद चुकली असं समजून सोडून दिली आणि दुसरी छापताना तिच्यापुढे शंकेची खूण केली. तो फरक चुकीचा नव्हता, दोन दिवसांत नेपच्यून तेवढाच सरकला होता. १७९५ मध्ये ग्रह हातात आला होता आणि नीटनेटकेपणाच्या आग्रहाने निसटला.

या नोंदींमुळे चार महिन्यांच्या तुकड्याऐवजी ५१ वर्षांची कमान हाती आली, पूर्ण फेरीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. आता खिळे कुठे होते ते सांगता येत होतं. वॉकर यांची पहिली कक्षा सूर्यापासून सरासरी ३०.२५ अंतरावरची होती. नंतर सुधारून ती ३०.०४ झाली आणि फेरीचा काळ १६४.६ वर्षं. ल व्हेरिए यांची मर्यादा ३५.०४ ला संपत होती. खरा ग्रह त्या कुंपणाच्या बऱ्याच आत फिरत होता.

दोन्ही कक्षा भिंतीवर काढून पाहिल्या तर फरक कळतो. पृथ्वी-सूर्य अंतराला १ सेंटिमीटर धरू. ल व्हेरिए यांचं लंबवर्तुळ काढायला दोन खिळे एकमेकांपासून पावणेआठ सेंटिमीटरवर ठोकावे लागतील. वॉकर यांच्यासाठी अर्धा सेंटिमीटर पुरे. मौज अशी की नुसत्या डोळ्यांना दोन्ही आकृत्या वर्तुळच वाटतील, कारण ल व्हेरिए यांच्या ७२ सेंटिमीटर लांबीच्या लंबवर्तुळाची रुंदी फक्त ४ मिलिमीटरने कमी भरते. खरा फरक सूर्याच्या जागेत आहे. वॉकर यांचा सूर्य जवळजवळ मधोमध, तर ल व्हेरिए यांचा जवळपास चार सेंटिमीटर एका बाजूला. त्यामुळे त्यांचा ग्रह एकीकडे ३२ पर्यंत आत येई आणि दुसरीकडे ४० पर्यंत बाहेर जाई.

१६ मार्च १८४७ ला बोस्टनच्या अमेरिकन अकॅडमीपुढे पर्स उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं की नेपच्यून हा गणिताने ज्याच्याकडे बोट दाखवलं तो ग्रह नाही आणि बर्लिनचा शोध हा सुदैवाने घडलेला अपघात होता. सभेत अस्वस्थता पसरली. इतकी अविश्वसनीय गोष्ट अकॅडमीच्या नावाने जगापुढे जाऊ नये, असं हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांना वाटलं. त्यावर, गणिताची सूत्रं खोटी ठरणं त्याहूनही अविश्वसनीय आहे अशा अर्थाचं उत्तर पर्स यांनी दिलं, अशी आठवण सांगतात.

पर्स यांचा मुद्दा नुसत्या अंतराचा नव्हता. ३५.३ या अंतरावर एक अदृश्य उंबरठा आहे, असं ते म्हणत होते. त्या अंतरावरच्या ग्रहाचा फेरीकाळ २१० वर्षं होतो, म्हणजे युरेनसच्या बरोबर अडीचपट. दोन ग्रहांच्या काळांचं असं सोपं गुणोत्तर जुळलं की त्यांच्या ओढाताणीला ताल येतो. झोपाळ्याला ठरावीक क्षणी झोका देत राहावं तशी लहान ओढही साठत जाते. उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे गणिताचं रूपच बदलतं. ल व्हेरिए पलीकडच्या गणितात होते. खरा नेपच्यून अलीकडे, आणि त्याचा काळ युरेनसच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे तोही एका तालाच्या अगदी शेजारी. पलीकडच्या गणिताने अलीकडचा ग्रह सापडला, तर त्याला नशीब का म्हणू नये, हा पर्स यांचा सवाल होता.

पॅरिसला हे रुचणं शक्य नव्हतं. इतकी कमी चपटी कक्षा युरेनसच्या चुकांशी जुळणारच नाही, असं ल व्हेरिए यांचं म्हणणं होतं. म्हणजे निकाल एका परीक्षेवर आला. वॉकर यांच्या कक्षेतला नेपच्यून युरेनसला हवा तसा ओढतो का? त्यासाठी नेपच्यूनचं वजन हवं होतं, आणि ग्रह तोलायचा तर त्याचा चंद्र लागतो. तो इंग्लंडच्या विल्यम लॅसेल यांना ऑक्टोबर १८४६ मध्येच दिसला होता. १८४७ च्या उन्हाळ्यात हार्वर्डची वर्गणीची दुर्बीण सुरू झाली आणि तिथल्या बाँड पिता-पुत्रांनी त्या चंद्राचे वेध घेतले. त्यांवरून पर्स यांनी काढलेलं वजन ल व्हेरिए यांच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास आलं. ते वजन आणि वॉकर यांची कक्षा घालून त्यांनी युरेनसचा हिशेब पुन्हा मांडला, आणि तो उत्तम जुळला.

मग चुकीच्या कक्षेने ग्रह बरोबर जागी कसा दाखवला? उत्तर त्याच भिंतीवरच्या आकृतीत आहे. युरेनस आणि नेपच्यून १८२१-२२ च्या सुमारास एकमेकांच्या शेजारून गेले. ओढ जाणवण्याइतकी होती ती त्याच्या पुढे-मागे काही दशकंच. युरेनसच्या चुकांमध्ये तेवढ्याच काळाची माहिती दडलेली होती. ओढ कोणत्या दिशेने आणि साधारण किती, एवढंच त्या सांगू शकत होत्या. ग्रह लांब मानला तर तो जड धरून ओढ भरून काढता येते. ल व्हेरिए यांच्या गणिताने तेच केलं. शिवाय त्यांचं लंबवर्तुळ अशा बाजूने झुकलं की सूर्याजवळचं टोक नेमकं त्या दशकांच्या दिशेला आलं. त्या काळापुरती खोटी वाट खऱ्या वाटेला बरीच लगटून गेली. १८४६ मध्ये दोघींमधलं अंतर एक अंशही नव्हतं. पुढे ते वाढत गेलं असतं.

म्हणूनच पर्स यांचं ‘अपघात’ हे म्हणणंही पूर्ण खरं नाही. दिशा नशिबाने मिळाली नव्हती. युरेनसच्या वागण्यात ती होतीच, आणि ती वाचण्याचं कसब ल व्हेरिए आणि अ‍ॅडम्स यांचंच. खगोलविद जॉन हर्शेल यांनी पुढे त्यांची बाजू याच अंगाने मांडली. चूक झाली ती दिशेबरोबर वाटही हाती आली असं मानण्यात. वॉकर आणि पर्स यांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, हे त्यांचं देणं.

अमेरिकेत याचे परिणाम ठोस झाले. वॉकर १८४७ मध्येच नौदलाची वेधशाळा सोडून कोस्ट सर्व्हे या किनाऱ्यांच्या मोजणी खात्यात गेले. त्यांचं नेपच्यूनवरचं काम आणि ग्रहस्थितीची कोष्टकं नव्याने स्थापन झालेल्या स्मिथसोनियन संस्थेने छापली. तिच्या अगदी पहिल्या प्रकाशनांत ती मोडतात. १८४९ मध्ये काँग्रेसने स्वतःचं नाविक पंचांग काढायला पैसे मंजूर केले. पहिलं पंचांग १८५५ सालासाठीचं होतं, आणि त्याचे सल्लागार पर्स होते. शुक्राची कोष्टकं करत होत्या नॅनटकेट बेटावरच्या मारिया मिचेल, १८४७ मध्ये धूमकेतू शोधून नाव मिळवलेल्या. आकाशाच्या हिशेबासाठी इंग्लंडच्या पंचांगाकडे पाहणारा देश स्वतःचा हिशेब ठेवू लागला. १८६६ मध्ये खगोलविद सायमन न्यूकम यांनी नेपच्यूनची कक्षा आणखी काटेकोर केली.

दिशा आणि वाट यांची गल्लत मात्र तिथे संपली नाही. १९११ साली फ्रेंच खगोल संस्थेच्या नियतकालिकात व्यंकटेश बापूजी केतकर यांचा लेख आला. आपल्याकडे त्यांना ‘केतकी’ पंचांगगणितासाठी ओळखतात. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं त्यांनी मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. ब्रह्माचं अंतर त्यांनी ३८.९५ काढलं, फेरीकाळ २४२ वर्षं. १९३० मध्ये अ‍ॅरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचं अंतर ३९.५, काळ २४८ वर्षं. केतकरांनी जोर दिला होता तो फेरीकाळांच्या सोप्या गुणोत्तरांवर, म्हणजे पर्स ज्या तालाबद्दल बोलत होते त्यावरच. आकडे जवळ आले, पण प्लूटोचं लंबवर्तुळ त्या मांडणीत बसणारं नव्हतं. ते इतकं एका बाजूला झुकलेलं आहे की प्लूटो काही वर्षं नेपच्यूनच्याही आत येतो.

लोवेल वेधशाळेतही गणिताच्या आधारे आकाश धुंडाळलं जात होतं, आणि प्लूटो सापडला तो सांगितलेल्या जागेपासून फार लांब नाही. पण १९७८ मध्ये नौदलाच्याच वेधशाळेत जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोचा चंद्र दिसला, ग्रह तोलला गेला, आणि तो कोणालाही ओढण्याच्या मानाने फारच हलका निघाला. दुसऱ्यांदा एका चंद्राने एका भाकिताचा हिशेब तपासला. या वेळचा योगायोग अस्सल होता.

नेपच्यूनने १८४६ नंतरची आपली पहिली फेरी २०११ च्या जुलैमध्ये पूर्ण केली. ल व्हेरिए यांच्या कक्षेवर असता तर त्याला अजून पन्नासेक वर्षं लागली असती. वॉकर यांनी वॉशिंग्टनमध्ये खिळे ठोकले ते एक तृतीयांश वाट पाहून, आणि त्या वाटेचं दूरचं टोक म्हणजे एका फ्रेंच माणसाने शंकेची खूण करून ठेवलेली एक नोंद. उरलेली दोन तृतीयांश वाट ग्रह त्यांच्या रेषेला धरून चालला. १६४.६ वर्षांच्या त्या हिशेबात चूक निघाली ती सुमारे दोन महिन्यांची.